थांबायचं कुणी?

१८९२ च्या जून महिन्यात पॅरिसहून क्लेर्मों-फेराँ या गावाकडे एक सायकल शर्यत निघाली. शर्यत भरवली होती मिशेलिन या टायर कंपनीने. वाटेत एका ठिकाणी रस्त्यावर खिळे पसरलेले होते. ते कुणा खोडसाळ पोराने टाकले नव्हते, कंपनीनेच टाकले होते. आपला टायर पंक्चर होत नाही असा मिशेलिनचा दावा नव्हताच. तो पंक्चर झाला, तरी रस्त्याच्या कडेला बसून, एकट्याने, थोड्या वेळात नीट करता येतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चालू सर्व्हर मुद्दाम पाडून बघणारे लोक असतात. सिस्टिम पडणारच आहे, तर उठते किती वेळात ते बघू, असा त्यांचा विचार असतो. मिशेलिन बंधूंनी हे शंभर वर्षं आधी केलं, आणि तेही भर रस्त्यात.

मी या गोष्टीपर्यंत पोचलो तो डर्ट बाइकमुळे. पुण्याच्या आसपास मातीच्या रस्त्यांवर, शेताच्या बांधांवरून, ओढ्यांतून गाड्या चालवणारे आमच्यासारखे बरेच गट आहेत. गटात कुणाचा तरी टायर बसतोच. दर वेळी नाही, पण दर दोन-तीन राइडमागे एकदा नक्की. टायर बसला की पहिला प्रश्न तांत्रिक नसतो. पहिला प्रश्न असतो: बाकीच्यांनी काय करायचं? या प्रश्नाचा इतिहास शोधायला गेलो आणि सायकलींपाशी पोचलो.

सुरुवात खरं तर आणखी मागे आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचं वेष्टन, असा तो प्रकार. घोडागाडीला लावून लंडनच्या रिजंट्स पार्कमध्ये त्याने प्रात्यक्षिकही दाखवलं. गाडी सहज चालली, आवाज कमी आला, लोकांनी कौतुक केलं आणि विसरून गेले. हवा भरलेलं चाक ज्यांना खरंच हवं होतं, त्या सायकली अजून यायच्या होत्या. चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली. १८८८ मध्ये त्यालाही पेटंट मिळालं, आणि थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर ते रद्दही झालं. तोपर्यंत धंदा मात्र उभा राहिला होता.

डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो रिमला चिकटवलेला असायचा. कापडाच्या पट्ट्या गुंडाळून, रबराच्या सोल्युशनने घट्ट. १८८९ मध्ये असा एक बसलेला टायर घेऊन एक इंग्रज सायकलस्वार क्लेर्मों-फेराँला मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. टायर सोडवून नीट करायला तीन तास लागले आणि वर सोल्युशन वाळायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिन स्वतः सायकल घेऊन बाहेर पडला आणि काही शे मीटरवर टायर पुन्हा बसला. बसून वाफ्यासारखं चालणारं वाहन त्याने त्या थोड्याशा अंतरात अनुभवलं होतं, त्यामुळे हवेचा टायर तर हवाच, पण तो कारखान्याबाहेर कुणालाही काढता आला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात बसलं. १८९१ मध्ये त्यांनी काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी शार्ल तेराँ हा गडी तो टायर लावून पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत ७१ तास आणि काही मिनिटांत जिंकला. खिळ्यांचा तमाशा त्याच्या पुढच्या वर्षी.

इकडे इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्श याने १८९० मध्ये केलेली युक्ती जास्त टिकली, आणि डर्ट बाइकवाल्यांनी रोज सकाळी तिला नमस्कार करायला हरकत नाही. टायरच्या दोन्ही कडांमध्ये त्याने तार घातली आणि रिमच्या मधोमध खोलगट जागा ठेवली. तार ताणली जात नाही, म्हणून फुगलेला टायर रिमवरून निसटत नाही. आणि काढायचा असेल, तर एका बाजूची कड त्या खोलगट भागात दाबायची, म्हणजे समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि लिव्हरने कड बाहेर काढता येते. १३० वर्षांनंतरही एवढंच गणित आहे. रस्त्यात टायर काढताना जो घाम गाळतो, लिव्हर वाकवतो, रिमवर ओरखडे पाडतो, त्याची समोरच्या बाजूची कड वर चढून बसलेली असते. त्याला आणखी जोर नको असतो. समोरच्या कडेवर कुणीतरी गुडघा टेकून बसायला हवं असतं.

म्हणजे दुसरा माणूस हवा. इथे टायरचा इतिहास संपून माणसांचा सुरू होतो.

दुसरा माणूस असावा की नाही, याबद्दल आंरी देग्रांज याचं मत अगदी स्पष्ट होतं: नसावा. १९०३ मध्ये सुरू झालेल्या तूर द फ्रान्सचा हा कर्ताधर्ता. शर्यत म्हणजे एका माणसाच्या ताकदीची आणि जिद्दीची परीक्षा, मोडलेलं त्याने स्वतः जोडायचं, असा त्याचा हट्ट. जुन्या फोटोंत सायकलस्वारांच्या खांद्यांवरून जानव्यासारखे आडवे घातलेले टायर दिसतात, ते यामुळे. १९१३ मध्ये अजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क पिरेनीज पर्वतात तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत डोंगर उतरला, सेंत-मारी-द-काँपाँ गावात लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतः घण मारून फोर्क जोडला. लोहाराने हात लावला नाही, कारण पंच शेजारी उभे होते. पण घण मारणारा माणूस त्याच वेळी भाता कसा ओढणार? तो एका लहान मुलाने ओढला. त्याबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला, पुढे तो तीन मिनिटांवर आणला. चार तासांच्या आसपास वेळ आधीच गेला होता, त्यामुळे दंडाने निकालात काही फरक पडणार नव्हता. तरीही तो लावला.

मला या गोष्टीतला क्रिस्तोफ आवडतो, पंचांचा राग येतो, आणि तरी देग्रांजचं म्हणणं पूर्ण मोडीत काढता येत नाही. मदत मोकळी केली की ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्याच्यामागे कंपनी, पैसा, माणसं, त्याला जास्त मिळते. आणि मग मदतीला हुकमाचं रूप यायला वेळ लागत नाही.

१९३४ मध्ये ते झालंच. तोवर तूरमध्ये राष्ट्रीय संघ आले होते आणि संघातले लोक एकमेकांना मदत करू शकत होते. फ्रान्सच्या संघाचा पुढारी आंतोनें मान्य. त्याच्यासोबत वीस वर्षांचा रने व्हिएतो, जो त्या वर्षी डोंगरांत सगळ्यांना मागे टाकत होता. पिरेनीजच्या उतारावर मान्य पडला, त्याचं पुढचं चाक मोडलं आणि व्हिएतोने आपलं चाक काढून दिलं. मान्य निघून गेला. व्हिएतो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर, चाक नसलेल्या सायकलशेजारी, संघाची गाडी येण्याची वाट बघत बसला. त्याचा तिथला फोटो पुढे जगभर छापला गेला. दुसऱ्या दिवशी मान्यवर पुन्हा संकट आलं, तेव्हा व्हिएतो पुढे होता. तो वळला आणि रस्ता उलटा चढून मदतीला आला. मान्यने तूर जिंकली, व्हिएतो पाचवा आला. पुढे कधीही त्याला तूर जिंकता आली नाही. लोक त्या फोटोला त्यागाचं चित्र म्हणतात. मला त्यात एक चिडलेला पोरगा दिसतो. त्याने चाक दिलं, याचा अर्थ त्याला ते द्यायचं होतं असा होत नाही.

या सगळ्यापासून दूर, इटलीत, एका विमान-अभियंत्याने प्रश्नच वेगळ्या टोकाने पकडला. कोर्रादिनो दास्कानियोला मोटरसायकली आवडत नसत. त्याच्या नावडीच्या यादीत एक कारण होतं, पंक्चर झाल्यावर चाक काढायची कटकट. म्हणून १९४६ च्या व्हेस्पाचं चाक त्याने विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. नट सोडले की चाक हातात. आपल्याकडे हीच रचना बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक होऊन बाहेर पडली. पुढचं-मागचं चाक एकच, वर एक जास्तीचं चाक सोबत. रिमही दोन ताटल्या बोल्टने जोडलेली, म्हणजे टायर काढायला लिव्हरही नको. स्कूटर वाकडी करून किक मारणारे बाबा-काका सगळ्यांना आठवतात, पण याच स्कूटरवर बायको-मुलांना घेऊन लोक महाबळेश्वरला जात, ते त्या स्टेपनीच्या भरवशावर. हा शब्दही मजेशीर आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर जास्तीची चाकं विकणारी एक कंपनी १९०४ मध्ये सुरू झाली. खुद्द इंग्लंडमध्ये तिचं नाव आता कुणाला आठवत नाही. आपल्याकडे प्रत्येक टेम्पोवाल्याच्या तोंडी आहे.

डर्ट बाइकला स्टेपनी नाही. चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं, मागे चेन, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची, म्हणजे एकाचं दुसऱ्याला चालत नाही. ट्यूबलेस टायर का लावत नाही, असं नवीन माणूस हमखास विचारतो. आऱ्यांच्या चाकाच्या रिमला प्रत्येक आऱ्यासाठी भोक असतं, तिथून हवा जाते. आणि अलॉय चाक दगडावर आपटलं की तडकतं, आऱ्यांचं वाकतं. वाकलेलं चाक घरी आणतं. त्यातून मातीत पकड यावी म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवतात, बारा-पंधरा पीएसआय. इतक्या कमी हवेत दगड लागला की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मधे चिमटते. मग शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, सासवडच्या पलीकडे कऱ्हेच्या खोऱ्यात आम्ही एका पैसे भरून जायच्या राइडला गेलो होतो. चौदा गाड्या. दहाच्या सुमारास एका मुलाचा मागचा टायर बसला. त्याची पहिलीच राइड होती. आयोजक मागे वळून आला, टायरकडे बघितलं आणि म्हणाला, “याचं आवरलं की लोकेशन टाका, आपण पुढे जाऊ. जेवणाची वेळ दिलेली आहे.” अकरा गाड्या गेल्या. आम्ही दोघं त्या मुलाबरोबर थांबलो. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्याच्याकडे लिव्हर नव्हती आणि माझ्याकडे होती.

ट्यूब बाहेर काढली, पण वाऱ्यात भोक सापडेना. बांधावरून एक म्हातारबाबा आले. “काय पाव्हणं, बसलं का चाक?” म्हणाले, आणि आम्हाला गोठ्याजवळ जनावरांच्या पाण्याच्या हौदापाशी घेऊन गेले. ट्यूब बुडवली, तर बुडबुडे तीन ठिकाणांहून. दोन शेजारी शेजारी, तो दगडाचा चिमटा. तिसरं लांब, एकटं. माझा मित्र पॅच लावायला घेणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “काटा बघा आधी. बाभळीचा असंल तर आत मोडून राहतो.” टायरच्या आतून हात फिरवला तर खरंच टोक लागलं, अर्धा इंच, बाहेरून अजिबात न दिसणारं. ते तसंच राहिलं असतं तर नवी ट्यूबही पुढच्या ओढ्यापर्यंत गेली असती. मराठीत आपण पंक्चर ‘काढतो’. इंग्रजीत ते बुजवतात किंवा सांधतात. हा शब्द बाभळीच्या मुलखात तयार झाला असणार अशी माझी एक समजूत आहे.

रिमवर टायर चढवताना बाबाच समोरच्या कडेवर उभे राहिले, पायांतल्या जाड वहाणांसकट. वेल्शची खोलगट जागा त्यांना कुणी सांगितली नव्हती. एकूण एक तास चाळीस मिनिटं गेली. आम्ही पोचलो तेव्हा बाकीच्यांचं जेवण होऊन फोटो चालले होते. त्या मुलाला कुणी काही बोललं नाही, पण तो संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला सॉरी म्हणत होता. टायर बसल्याबद्दल माफी मागायची असते, हे त्याला त्या दिवशी शिकवलं गेलं होतं. हे मला अजून खटकतं.

आता ही शिकवण मोटरसायकलींच्या जगात कुठून आली ते बघायचं, तर १९१३ कडे परत यावं लागतं. क्रिस्तोफ घण मारत होता त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कार्लाइलला मोटरसायकलींची सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. आज तिला आयएसडीई म्हणतात. नियम देग्रांजच्याच पठडीतला: दुरुस्ती स्वतः करायची, स्वतःच्या हत्यारांनी. सुट्या भागांवर रंगाच्या खुणा करून ठेवतात, म्हणजे कुणी गुपचूप बदलू नये. १९६४ मध्ये पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टला अमेरिकेचा संघ आला, त्यात सिनेनट स्टीव्ह मॅक्वीन होता. टायरला तिथे नट आणि मेकॅनिक सारखेच. आजही या स्पर्धेत दिवसाच्या शेवटी दिलेल्या काही मिनिटांत स्वार स्वतः टायर बदलतात आणि ते बघायला गर्दी होते. यात एक गोष्ट मला मनापासून पटते. कुणाची मदत मिळणार नाही म्हटल्यावर प्रत्येक जण शिकतो. पण स्पर्धेतला हा नियम रविवारच्या राइडला आणला, तर ज्याला येत नाही त्याला शिकवणार कोण?

मग वाळवंट. तिएरी साबीन १९७७ मध्ये एका रॅलीत लिबियाच्या वाळवंटात मोटरसायकलसह हरवला, वाचला, आणि परत येऊन त्याने पॅरिस-डकार काढली. पहिली निघाली २६ डिसेंबर १९७८ ला. डकारने जुन्या दोन्ही नियमांची सरमिसळ केली. बाहेरच्या माणसाने वाटेत हात लावायचा नाही, पण शर्यतीतला स्वार दुसऱ्या स्वाराला मदत करू शकतो. ऐकायला सुंदर. व्यवहारात मोठ्या संघांनी व्हिएतो पगारावर ठेवले. पुढाऱ्याच्या मागे एक चांगला स्वार धावतो, गरज पडली तर चाक द्यायला. फ्रेंच लोक त्याला पाणी वाहणारा म्हणतात, आपला शब्द आहे पाणक्या. सिरिल देप्रेचा असा पाणक्या रुबेन फारिया २०१३ मध्ये दुसरा आला, देप्रेच्या पाठोपाठ. २०१० मध्ये याच शर्यतीत मार्क कोमाला टायरबदलाचा नियम मोडल्याबद्दल सहा तासांचा दंड झाला आणि त्याची शर्यत तिथेच संपल्यात जमा झाली. क्रिस्तोफची तीन मिनिटं आणि कोमाचे सहा तास. दर चढा झाला, नियमाचा गाभा तोच.

दरम्यान मिशेलिननेच पंक्चरचा निकाल लावणारी गोष्ट आणली, मूस. ट्यूबच्या जागी फोमचं जाड कडं. हवा नाहीच, तर जाणार काय? १९८४ च्या सुमारास ते डकारमध्ये आलं आणि आता एंड्युरो स्पर्धांमध्ये सर्रास असतं. मात्र मूस बसवणं ट्यूबपेक्षा कितीतरी कठीण, आत वंगण घालावं लागतं, महाग, आणि डांबरी रस्त्यावर जोरात चालवलं तर तापून खराब होतं. आमच्यासारख्यांना मातीपर्यंत पोचायलाच चाळीस-पन्नास किलोमीटर डांबर लागतं, त्यामुळे ट्यूब काही सुटत नाही. एका अर्थी पुण्याच्या वाढत्या हद्दीने आम्हाला एकमेकांसाठी थांबायला भाग पाडलं आहे.

त्या डिसेंबरनंतर आम्ही पैशाच्या राइड बंद केल्या. आता सात जण जातो. सामान गाडीप्रमाणे नाही, गटाप्रमाणे वाटलेलं असतं. २१ इंची ट्यूब दोघांकडे, कारण अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकातही कोंबता येते, उलटं करता येत नाही. लिव्हर तीन, मागच्या अॅक्सलचा पाना एक, पॅच आणि सोल्युशन माझ्याकडे. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की पुढच्या वेळी वाळलेली असते, म्हणून न उघडलेली ठेवायची. हातपंप दोन, कारण त्यातला एक ऐन वेळी चालत नाही. ज्याचा टायर बसेल, तो स्वतः काढेल आणि एक जण कडेवर गुडघा टेकेल. बाकीचे पाच जण सावली बघून गाड्या बंद करतील आणि चहाचं सामान काढतील. ते त्या सासवडच्या मुलाकडे असतं.